विकत घेतलेला एक अंक

यंदाच्या ६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, आमच्या वाचनालयात छोटा कार्यक्रम ठेवला होता. बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला, १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला हे सांगून झालं, आणि मग पाहुण्यांनी विषय काढला तो मोबाइलवर पेपर फुकट वाचणाऱ्यांचा. पाहुण्यांचं सगळं आयुष्य पत्रकारितेत गेलेलं. ते म्हणाले, पैसे न भरता पेवॉल, म्हणजे वर्गणी भरल्याशिवाय लेख उघडू न देणारी ऑनलाइन भिंत, चुकवून लेख वाचणं ही सरळसरळ चोरी आहे. मागे सतरंजीवर अभ्यासिकेतली मुलं बसली होती. त्यातला एक उठला आणि म्हणाला, "सर, माहितीवर कुणाची मालकी नसते. कुलूप तुम्ही लावलंत, चूक तुमची." टाळ्या पडल्या, पाहुणे दुखावले, आभार घाईत मानावे लागले. तेव्हापासून अभ्यासिकेत, पारावर, गावच्या ग्रुपवर हाच वाद चालू आहे, आणि दोन्हीकडून तेच दोन शब्द एकमेकांच्या अंगावर फेकले जाताहेत: चोरी आणि हक्क.

मला हा वाद चुकीच्या जागी अडकलेला दिसतो. साताऱ्यापासून एसटीने अर्ध्या तासावर असलेलं हे वाचनालय मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे. लोकांना फुकट वाचू देणं हेच माझं काम, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही. माझं म्हणणं आधीच सांगते. पेपर फुकट वाचणं ही चोरी नव्हे. पेपर जितका जुना, तितकंच तो फुकट वाचणं जुनं. मात्र आजवरच्या प्रत्येक फुकट वाचनाखाली कुणीतरी विकत घेतलेला एक अंक होता. मोबाइलवर आल्यावर तो अंकच हरवला आहे. तो परत कुणी आणायचा, यावर भांडायला हवं. ते सोडून आपण एकमेकांना चोर आणि दुकानदार ठरवत बसलो आहोत.

हा विकत घेतलेला अंक म्हणजे काय, ते माझ्या टेबलावर रोज दिसतं. सकाळी सातला पेपरवाला गठ्ठा पायरीवर टाकून जातो. मी एकेक अंक लाकडी पट्टीत अडकवते आणि दार उघडते. आधी निवृत्त मंडळी येतात, ती पहिलं पान आणि निधनवार्ता बघतात. मग अभ्यासिकेतली मुलं अग्रलेखाचं पान सोडवून घेतात. दुपारी बाजारहाट उरकून आलेल्या बायका पुरवणी वाचतात. संध्याकाळपर्यंत एका अंकाला चाळीसेक हात लागलेले असतात आणि कोपरे तेलकट झालेले असतात. साताऱ्यात मोती चौकाकडच्या एखाद्या चहाच्या दुकानात बसा, तिथेही एका पेपरची चार पानं चार टेबलांवर फिरताना दिसतील. केशकर्तनालयातला पेपर तर खुर्ची मिळेपर्यंत वाचायचाच असतो. यातल्या कुणाला आजवर कुणी चोर म्हटलं का? नाही, कारण चहावाल्याने, न्हाव्याने, वाचनालयाने त्या अंकाचे पैसे मोजलेले असतात, हे सगळ्यांना माहीत असतं.

आपल्याकडे अक्षरओळख मूठभरांनाच होती त्या काळात एकाने पेपर मोठ्याने वाचायचा आणि दहा जणांनी ऐकायचा, ही पद्धत होती. ज्यांच्यासाठी पेपर निघायचा त्यांच्याच खिशात पैसे नसायचे. साताऱ्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. त्याच विद्यार्थ्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढलं, तेव्हा पाठीशी शाहू महाराजांचे २,५०० रुपये होते. ‘मूकनायक’ १९२३ साली थांबलं. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. बाबासाहेब एकटे त्याचे रकानेच्या रकाने लिहून काढत होते, आणि तरीही पैशांअभावी १९२९ साली ते बंद करावं लागलं. त्याआधी १९२८ मध्ये त्यांनी अग्रलेखातून आपल्याच समाजाला विचारलं होतं की या पत्राचं ऋण हे सगळ्या लोकांचं ऋण नाही का. त्यांचा वाचक गरीब आहे, हे त्यांना कुणापेक्षाही जास्त ठाऊक होतं. तरी त्यांनी तो प्रश्न विचारला. वाचकाला त्यांनी चोर म्हटलं नाही, आणि पत्र फुकट चालतं असंही कधी भासवलं नाही. आजच्या वादात नेमकी हीच जागा रिकामी आहे.

आता पाहुण्यांची बाजू. ती मी हलकी मानत नाही. जुलै २०२१ च्या पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आले. रस्ते तुटलेले, मोबाइलला रेंज नाही. माझ्या ओळखीतला एक वार्ताहर गुडघाभर चिखलातून तिकडे चालत गेला. मोबाइल दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून त्याने शर्टाच्या आत ठेवला होता. परतताना जिथे रेंज मिळाली तिथे, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, त्याने गेलेल्या माणसांची नावं फोनवरून एकेक करून दोनदा सांगितली. आडनाव चुकता कामा नये, वयाचा आकडा चुकता कामा नये, म्हणून. त्या बातमीचे किती मिळाले असं मी नंतर विचारलं, तर म्हणाला, ताई, पेट्रोलसुद्धा सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच बातमी शेकडो ग्रुपवर फिरली, त्याचं नाव काढून. अशा वेळी "माहितीवर कुणाची मालकी नसते" हे वाक्य मला पोकळ वाटतं. दरड कोसळली, हे कुणाच्या मालकीचं नाही, खरं आहे. पण तिथवर चालत कोण गेलं? ज्याला आपण माहिती म्हणतो ती अनेकदा कुणाच्या तरी पायपिटीने आलेली असते, आणि त्या पायांना मजुरी लागते.

तरीही चोरी हा शब्द चुकीचाच आहे. मी तुमची सायकल नेली तर तुमच्याकडे सायकल उरत नाही. लेख वाचला म्हणून लेख संपत नाही. कायद्यानेही वाचण्याला गुन्हा मानलेलं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ खासगी वापर, संशोधन, टीका यांसाठी रास्त वापराची मोकळीक देतं. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं, तीही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची. म्हणजे कायद्याची नजर वाचणाऱ्यापेक्षा प्रती काढून वाटणाऱ्यावर जास्त आहे. दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन निर्णय शेजारी ठेवले की हे स्पष्ट होतं. २०१६ साली दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध बड्या प्रकाशकांनी लावलेल्या दाव्यात न्यायालय विद्यार्थ्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि कॉपीराइट हा काही ईश्वरदत्त किंवा नैसर्गिक हक्क नाही, असं म्हणालं. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदी चालू असताना, त्याच न्यायालयाने ‘दैनिक जागरण’च्या तक्रारीवरून टेलिग्रामला ई-पेपर वाटणारे चॅनेल बंद करायला सांगितलं. यात विसंगती आहे का? मला दिसत नाही. पहिल्या प्रकरणात अभ्यासासाठी ठरावीक पानं होती आणि त्यामागे विद्यापीठाच्या ग्रंथालयातली पुस्तकं होती. दुसऱ्यात अख्खा अंक रोजच्या रोज हजारोंना वाटला जात होता आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं.

शिवाय कुलूपवाल्यांनी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ही दारं त्यांनी स्वतःच किलकिली ठेवली होती. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये पेवॉल उभारली, तेव्हा महिन्याला वीस लेख फुकट होते. पुढच्या वर्षी ते दहा झाले. आधी वाचकाला चटक लागू द्यायची, मग गाळणी हळूहळू बारीक करायची, हा धंद्याचा हिशोब होता. आपल्याकडे इंग्रजी दैनिकांनी तो उचलला आणि आता मराठीतही ठरावीक मजकूर ‘प्रीमियम’ म्हणून बंद होऊ लागला आहे. दहा वर्षं सताड उघड्या दारातून ये-जा करणाऱ्याला एके दिवशी दरोडेखोर म्हणता येत नाही.

मुलांच्या बाजूचा खरा मुद्दा त्यांनी त्या दिवशी मांडलाच नाही. तो मी मांडते, कारण तो माझ्या डोळ्यांसमोर घडला. जावळीकडची एक मुलगी आमच्याकडे अभ्यासाला येते. घर कोयनेच्या धरणग्रस्तांचं, आजोबांच्या पिढीपासून पुनर्वसनाच्या कागदांचं गाठोडं सांभाळणारं. एका दुपारी ती तडा गेलेला मोबाइल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, हा लेख उघडत नाहीये." लेख कोयनेच्या विस्थापितांवरच होता. पहिले दोन परिच्छेद दिसत होते, तिसरा फिका होत होत पांढऱ्यात विरून गेला होता आणि खाली वर्गणीचे दर होते. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्यांच्याच नातीला त्या जमिनीची गोष्ट वाचता येत नव्हती. तिने काय करायला हवं होतं? महिन्याला खोलीचं भाडं, मेस, फॉर्मची फी यातून एका लेखासाठी वर्षाची वर्गणी भरायची? आणि परीक्षेसाठी पाच पेपर लागतात, तर पाच ठिकाणी भरायची? छापील पेपर एका दिवसाचा सुटा मिळतो. ऑनलाइनवाल्यांचा एक लेख सुटा का मिळत नाही?

मी माझ्या कार्डावरून महिन्याची वर्गणी भरली आणि लेख वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर उघडून दिला. तिने तो वहीत उतरवून घेतला. पाठोपाठ आणखी चौघं आली. रात्री घरी जाऊन मी त्या वर्गणीच्या अटी वाचल्या, तर हे खातं फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे, असं त्यात लिहिलेलं. म्हणजे छापील अंक विकत घेऊन मी टेबलावर ठेवला आणि चाळीस जणांनी वाचला तर ती वाचनसेवा, शासन त्याला अनुदान देतं. त्याच दैनिकाचा तोच लेख, तसेच पैसे भरून, त्याच टेबलावर पाच जणांना दाखवला तर मी अटी मोडणारी. (ती वर्गणी बंद करायला मला तीन मेल करावे लागले आणि दरम्यान एक हप्ता आपोआप कापला गेला, तो वेगळाच.) या भिंतीने फुकट्यांना अडवलं असेल किंवा नसेल, वाचनालयाला मात्र नक्की बाहेर काढलं. चोरी की हक्क या भांडणात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

मुलं यावर म्हणतात, मग आम्ही ग्रुपवरून पीडीएफ घेतली तर त्यांचं काय कमी झालं? आम्ही तसंही पैसे भरणार नव्हतोच. हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण तो एसटीत करून बघा. साताऱ्याहून गाडी सुटते, पाच सीट रिकाम्या आहेत, मी विनातिकीट बसले. डिझेल तेवढंच जळणार, गाडी तशीही जाणार, मग महामंडळाचं काय गेलं? एकट्या माझ्यामुळे काहीच नाही. सगळ्यांनी हाच विचार केला तर पुढच्या महिन्यात ती फेरी बंद होते, आणि फटका बसतो तो ज्याला दुसरं वाहन नाही त्यालाच. तालुक्याच्या ठिकाणची वार्ताहर कार्यालयं अशीच एकेक करून मिटताना आपण पाहतो आहोत.

आणि त्याच एसटीत उत्तरही बसलेलं आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. माझी आई मोफत जाते, पण विनातिकीट जात नाही. कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, कारण त्या तिकिटावरून महामंडळ शासनाकडे भरपाई मागतं. फुकट आणि विनातिकीट यात हा एवढा फरक आहे. टेलिग्रामवरची पीडीएफ हा विनातिकीट प्रवास आहे. आमचं टेबल म्हणजे शून्याचं तिकीट आहे. दोन्हीकडे वाचकाच्या खिशातून काही जात नाही, पण एका ठिकाणी वार्ताहरापर्यंत काहीतरी पोचतं आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही.

कर्मवीरांच्या साताऱ्यात हे समजायला अवघड जाऊ नये. भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात गरिबाघरची, सगळ्या जातींची मुलं शिकली. त्या मुलांसाठी शिक्षण मोफत होतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी नव्हतं, मुलांच्या जेवणासाठी त्यांचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेलं. गावोगावच्या बायकांसाठीही नव्हतं, त्या मुष्टीफंडासाठी मूठ मूठ धान्य बाजूला काढत होत्या. ज्याला जमेल त्याने कमवून शिकायचं, ज्याला जमणार नाही त्याच्यासाठी इतरांनी मूठ उघडायची. आज माझ्यासारखी पगारी माणसं, साताऱ्यातले डॉक्टर, वकील, प्राध्यापक टेलिग्रामवरून पेपर उतरवून घेतात, तेव्हा ते जावळीच्या त्या मुलीच्या रांगेत उभे असतात. त्यांनी तिथे उभं राहू नये, असं मला मनापासून वाटतं. महिन्याला हॉटेलच्या एका जेवणाइतके पैसे त्यांना जड नाहीत.

यावर लगेच ऐकवलं जातं की पेपर विकले गेले आहेत, विकल्या गेलेल्यांना आम्ही का पोसायचं? हा राग पूर्णपणे खोटा नाही. निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. पण पेपर कुणाला विकला गेला आणि का? चार-पाच रुपयांचा अंक कागद-शाईच्या खर्चातही बसत नाही. वरचे पैसे वर्षानुवर्षं जाहिरातदार भरत आला, सरकारी जाहिरातीही त्यातच. स्वस्त पेपरची सवय आपल्याला त्याने लावली. मग जाहिराती गुगल आणि फेसबुककडे वळल्या, आणि उरलेल्या जाहिरातदाराचा शब्द आणखी वजनदार झाला. वाचक पैसे देत नाही तिथे वाचकाचं ऐकायचं कारणच उरत नाही. पेपर विकाऊ आहे म्हणून आपण पैसे द्यायचे नाहीत आणि आपण देत नाही म्हणून त्याने दुसऱ्याकडून घ्यायचे, हे चक्र कोण थांबवणार?

भिंतीविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र मला निरुत्तर करतो, आणि तो मी मान्य करते. खोटं फुकट मिळतं. अफवेला पेवॉल नसते, व्हॉट्सॲपवरच्या बनावट इतिहासाला वर्गणी नसते. खरं पडताळून लिहिणारा लेख कुलपात आणि द्वेष पसरवणारा फॉरवर्ड मोकाट, अशी आज स्थिती आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. १९९८ पासून २०१३ मध्ये त्यांचा खून होईपर्यंत ते ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते, आणि विवेकाची गोष्ट सामान्य माणसापर्यंत नेण्यासाठी गावोगाव फिरत होते. त्यांच्या गावात तरी हा मुद्दा कुणी झटकू नये. म्हणूनच काही गोष्टी कुलपात असताच कामा नयेत. कोयना धरण १०५ टीएमसीचं, पावसाळ्यात त्याचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले आणि किती क्युसेक पाणी सुटलं, ही बातमी नदीकाठच्या माणसाला एका क्षणात मिळाली पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा जगातल्या अनेक मोठ्या दैनिकांनी त्या विषयाच्या बातम्या सगळ्यांना खुल्या केल्या होत्या. पुराला, दरडीला, साथीला तसंच करता येतं.

बाकीच्यासाठी मार्ग एकच दिसतो, आणि तो वाचनालयातून जातो. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड असलं की अनेक ठिकाणी बडी दैनिकं ऑनलाइन वाचता येतात, पैसे ग्रंथालय भरतं. आपल्या सरकारलाही ही कल्पना परकी नाही. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास संशोधनपत्रिका, ६,३०० संस्था. सरकार एकदा पैसे भरतं आणि विद्यापीठातला विद्यार्थी फुकट वाचतो. म्हणजे तिकीट शून्याचं आणि भरपाई शासनाची. विद्यापीठातल्या संशोधकासाठी जे होतं ते गावातल्या वाचनालयासाठी का होऊ नये? महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगाव मान्यताप्राप्त वाचनालयं आहेत, वर्गवारी आहे, दप्तर तपासणी आहे, छापील पेपर घेण्याची अपेक्षाही आहे. फक्त माझ्या नोंदवहीत ऑनलाइन वर्गणीला रकाना नाही. आणि सरकारला आणखी एक गोष्ट सहज करता येईल: छापील पेपरवर जीएसटी शून्य आहे आणि ऑनलाइन बातम्यांच्या वर्गणीवर १८ टक्के. बातमी कागदावर वाचली तर गरज आणि पडद्यावर वाचली तर चैन, असा हा कर आहे. तो काढायला हवा.

फेब्रुवारीत मी आमच्या कार्यकारिणीपुढे विषय ठेवला आणि मंजुरी घेऊन चार दैनिकांना पत्रं पाठवली. त्यात लिहिलं की आम्हाला एक कॉम्प्युटर, एक लॉगिन आणि वाचनालयाच्या आवारापुरती परवानगी द्या, दर तुम्ही सांगा, गावातून वर्गणी गोळा करून आम्ही भरू. त्या दिवशी पाहुण्यांना उत्तर देणारा मुलगाच पत्रं टाइप करायला बसला होता. टाइप करता करता त्याने विचारलं, हे लोक घेतील का आपले पैसे? दोघांकडून अजून उत्तर नाही. एकाने वैयक्तिक वर्गणीचे दरपत्रक पाठवलं. चौथ्या ठिकाणहून परवा फोन आला. असा प्लॅन सध्या नाही, पण वर विचारतो, म्हणाले, आणि मग विचारलं, तुमच्याकडे दिवसाला वाचक किती येतात? मी नोंदवही ओढली आणि आदल्या दिवशीच्या सह्या मोजून सांगितलं, बासष्ट.